पन्नास रुपये कमी करा ना!

मनू, नोकरी सोडून तू केटरिंगमध्ये उतरतेयस याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधी सांगून टाकते. विष्णुनगरातला गाळा चांगला आहे, तुझ्या हाताला चव आहे आणि आपल्या नौपाड्यात मुंजी, बारशी, साठीशांती, डोहाळजेवणं यांना तोटा नाही. घंटाळीपासून गोखले रोडपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी कार्य निघालेलंच असतं, आणि घरच्या घरी चाळीस पानं वाढायची ताकद आता फारशी कुणात उरलेली नाही. धंदा चालेल. त्याची मला काळजी नाही.

मला काळजी आहे ती वेगळीच, आणि ती आईसमोर बोलता येत नाही. तिच्या डोळ्यांसमोर अजून पाटरांगोळीची पंगत आहे. मी आधी दुसऱ्यांच्या भटारखान्यांत हिशेब ठेवले, मग स्वतःच्या ऑर्डरी घेतल्या. त्या काळात जे पाहिलं ते तुला कुठल्या प्रशिक्षणात सांगणार नाहीत, आणि तुझा भागीदार तर नाहीच नाही. म्हणून नीट बसून लिहितेय. वाचताना मध्येच फोन करून वाद घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्याकडे येणारा प्रत्येक यजमान एक वाक्य बोलणार आहे: "ताई, दोनशे माणसं आहेत, ताटामागे पन्नास रुपये कमी करा ना!" माणसं वाईट नसतात, त्यांचंही बजेट असतं. पण तू त्या क्षणी मनात गुणाकार कर. दोनशे ताटं, पन्नास रुपये, म्हणजे दहा हजार. 'बरं, करते' म्हणालीस की हे दहा हजार कुठून तरी काढावे लागतात. हॉलचं भाडं कमी होत नाही, टेम्पोवाला कमी करत नाही, गॅस कमी लागत नाही. मग ते तीनच जागांहून निघतात: मालातून, वेळेतून आणि माणसांच्या मजुरीतून. या धंद्यात मी जेवढे गैरप्रकार पाहिले त्यांतले बहुतेक कुणी दुष्ट बुद्धीने सुरू केलेले नव्हते. कुणीतरी न परवडणाऱ्या दराला होकार दिला होता, आणि मग तो होकार निभावायला भटारखान्यात एकेक गोष्ट ढिली होत गेली.

मालापासून सांगते, कारण पहिली कात्री पनीरला लागते. दुधाचं पनीर आणि बाजारात 'अ‍ॅनालॉग' म्हणून मिळणारं पनीर यांच्या भावात मोठा फरक असतो. दुधाची पावडर, पामतेल, कधी स्टार्च, असं मिळून ते बनतं. दिसायला पांढरंशुभ्र, कापायला सोपं, ग्रेव्हीत फुटत नाही. आचाऱ्यांना तर ते सोयीचंच वाटतं. नियमाप्रमाणे पनीर म्हणून जे विकायचं त्यातल्या पाणी सोडून उरलेल्या भागात निम्मा वाटा तरी दुधाच्या स्निग्धांशाचा हवा. अ‍ॅनालॉग विकणं हा गुन्हा नाही, पण ते पाकिटावर तसं स्पष्ट लिहून विकायचं. खोटेपणा सुरू होतो तो भटारखान्यातल्या त्या पाकिटापासून यजमानांच्या हातातल्या मेन्यूपर्यंतच्या प्रवासात. मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीर थेट विधानसभेत नेऊन दाखवलं, तेव्हा सगळ्या राज्यात चर्चा झाली. आपल्या धंद्यातल्या कुणालाही ती नवी बातमी नव्हती.

आयोडीनच्या थेंबाची परीक्षा तुला कुणीतरी शिकवेल. थेंब टाकल्यावर निळं-काळं पडलं तर स्टार्च आहे. ती खरी आहे, पण अपुरी. नुसत्या पामतेलाचं पनीर तिच्यातून सहज सुटतं. म्हणून पनीर ओळखीच्या डेअरीतून, बिलावर घे, आणि बिल फाइलला लाव. बिल द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून फुकटसुद्धा घेऊ नकोस. आणि यजमानांना खरं पनीर परवडत नसेल तर पनीरच काढून टाक ना! आपल्या पंगतीत ते होतं कधी? बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मटकीची उसळ, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. हे ताट खोट्या पनीर बटर मसाल्यापेक्षा कमी पैशात होतं आणि पाहुणे बोटं चाटत जेवतात. यजमानांना हे पटवून देणं हे तुझं काम आहे, आणि तुला ते छान जमेल.

जिलबीवरून आठवलं, रंग. 'चमचाभर टाका ताई, फोटोत छान येतं,' असं आचारी म्हणेल. खायच्या रंगांना काही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच परवानगी आहे. भाजीत, ग्रेव्हीत, तंदुरीत नाही. शेजारच्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घालावी लागली, तपासणीत इतके नमुने वाईट निघाले होते. तुझ्या भटारखान्यात रंगाची डबी नकोच. लाल हवं तर काश्मिरी मिरची, पिवळं हवं तर हळद-केशर. बाकी राहिलं फिकट तर राहू दे.

तेलाचं जरा सविस्तर सांगते, कारण यात एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. पुऱ्या, वडे, भजी तळून झाली की कढईत पाच-सहा लिटर तेल उरतं. ते गाळून पुढच्या ऑर्डरीला ठेवतात. तेही काळं झालं, फेसाळायला लागलं की फेकत नाहीत, विकतात. संध्याकाळी एक माणूस डबे घेऊन येतो, स्वस्तात उचलतो, आणि तेच तेल कुठल्यातरी गाडीवर परत कढईत पडतं. म्हणजे मुंजीतल्या पुऱ्यांचं तेल आठवड्याने एखाद्या शाळेबाहेर मुलं भज्यांतून खातात. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घटक साठत जातात त्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून कायद्याने ठरवलेली आहे: ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी बाद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, सुरू केली. अशा अधिकृत गोळा करणाऱ्याशी पहिल्याच महिन्यात बोलून ठेव आणि तेल त्यालाच दे, पावती घेऊन. तो डबे घेऊन येणारा जास्त पैसे देईल. देऊ दे.

बर्फाचंही थोडक्यात सांगते. कारखान्यात वस्तू थंड ठेवायला जो बर्फ बनतो त्याला पिण्याच्या पाण्याची अट नसते. तो सरबतात जाऊ नये म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या उन्हाळ्यात तो निळा करायचा नियम आणला. तरीही मे महिन्यातल्या लग्नात पन्ह्याच्या पिंपात बिनरंगाची, कुठून आली ते माहीत नसलेली लादी फोडलेली मी पाहिली आहे, तीही गोणपाटात गुंडाळून जमिनीवरून ओढत आणलेली. पन्हं फ्रीजमध्ये गार करून ने. बर्फ वर ठेवायचाच असेल तर खाण्याचा, पाकीटबंद.

आता येते तिथे, जिथे माणसं खरोखर आजारी पडतात. ते वेळेच्या हिशेबात होतं, आणि वेळेची चोरी कुणाला दिसत नाही.

दुपारी एकचं जेवण असेल तर कमी माणसांत काम उरकायला आचारी पहाटे तीनला भात शिजवून मोकळा होतो. मग तो भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला असतो. सकाळी टेम्पोत चढतो, तीन हात नाक्याला अडकतो, हॉलवर उतरतो, पुन्हा पडून राहतो. वरून गार वाटतो, पण आत हात घातलास तर मधोमध कोमट असतो. तो कोमटपणाच घातक. तांदळात काही जंतूंचे बीजाणू असे असतात की शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की जागे होऊन वाढतात. मोठ्या भांड्यातल्या डाळीत, रश्श्यात, मटणात दुसरे जंतू असेच वाढतात. नियम अगदी साधा आहे: गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात शक्य तितका कमी वेळ. एक थर्मामीटर घे. काही शे रुपयांत मिळतो. तो आचाऱ्याच्या कमरेला नाही, तुझ्या हातात राहू दे.

आणि एक वाक्य तुझ्या भटारखान्यात कुणाला बोलू देऊ नकोस: 'एक उकळी काढा, काही होत नाही.' या धंद्यात याच्याइतकं घातक वाक्य मी ऐकलेलं नाही. कापलेल्या बोटातून, नाकातून, फोडातून जे जंतू खव्यात, बासुंदीत, कोशिंबिरीत जातात ते तिथे विष तयार करतात, आणि ते विष उकळीने जात नाही. जंतू मरतात, विष राहतं. पाहुण्यांना दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात आणि आचारी शपथेवर सांगतो की मी तर खळखळून उकळलं होतं. तो खोटं बोलत नसतो. म्हणून बोट कापलेल्या माणसाला त्या दिवशी पैसे पूर्ण दे आणि भांडी मोजायला बसव, पण अन्नाला हात लावू देऊ नकोस. पैसे कापशील तर तो जखम लपवेल. मी लपवलेल्या जखमा पाहिल्या आहेत, रबरी हातमोज्याच्या आत चिंधी बांधलेल्या.

उरलेल्या जेवणाबद्दल तर मला तुझ्याकडून शब्दच हवा आहे. कार्य संपतं, दोन पातेली भात उरतो, गुलाबजाम उरतात, आणि यजमान भरल्या मनाने म्हणतात, 'एखाद्या आश्रमशाळेत पाठवा हो, मुलं खातील.' भावना चांगली असते. पण जुलै २०२४ च्या अखेरीस आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या भातसईच्या आश्रमशाळेत बाहेरच्या एका कार्यातलं जेवण आलं, पुलाव आणि गुलाबजाम. मुलांनी आनंदाने खाल्लं आणि शंभरावर मुलं रुग्णालयात गेली. लहान मुलं, आईबापांपासून लांब राहणारी, गोड मिळालं म्हणून खूश झालेली. मला ती बातमी वाचल्यापासून उरलेलं अन्न देणं म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून तू आधीच ठरव. जे वाढायला बाहेर काढलेलंच नाही, गरमच राहिलेलं आहे आणि अजून वेळेत आहे, तेवढंच द्यायचं, आणि तेही अशा संस्थेला जिच्याकडे ते नेण्याची, ठेवण्याची सोय आहे. उरलेलं अन्न कसं द्यावं याचेही २०१९ चे नियम आहेत. बुफेच्या टेबलावर तीन तास उघडं राहिलेलं कुणालाही द्यायचं नाही. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांना तर अजिबात नाही. यजमान नाराज होतील, 'अन्न वाया घालवता' म्हणतील. तेव्हा भातसईचं नाव सांग.

आणि तेच अन्न दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरीत? त्यावर मी बोलतही नाही. तुला माहीत आहे मी काय म्हणेन.

उपासाच्या ऑर्डरी येतील, विशेषतः नवरात्रात आणि एकादशीला. भगर सुटी घेऊ नकोस, भगरीचं दळून ठेवलेलं पीठ तर नकोच. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि दर उपासाच्या मोसमात राज्यात कुठून तरी विषबाधेची बातमी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या प्रसादातल्या भगर-आमटीने शेकडो माणसं आजारी पडली होती. रुग्णालयात जागा नव्हती, म्हणून उघड्यावर झाडांना दोर बांधून सलाइनच्या बाटल्या टांगलेले ते फोटो तूही पाहिले असशील. पाकीटबंद भगर घे, निवड, धू, त्याच दिवशी शिजव, त्याच वेळी संपव.

आता माणसांचं. इथे मला तुझ्याशी जरा कडक बोलायचं आहे, कारण तू माझी धाकटी आहेस आणि उद्या तू कुणाची तरी मालकीण असशील.

वाढपी मुलं नाक्यावरून किंवा ठेकेदाराकडून येतात. दुपारचं लग्न आणि रात्रीचं रिसेप्शन अशा दोन पाळ्या सलग करतात. पांढरा शर्ट आणि बो केटररचा, बूट स्वतःचे, तेही फाटके. जेवायला मिळतं ते पाहुणे गेल्यावर, अकरा वाजता, उभ्याने. मजुरी ठेकेदाराच्या हातात जाते आणि मुलाच्या हातात किती पडते ते केटरर विचारत नाही. तू विचार. प्रत्येकाच्या हातात, समोर, स्वतः दे. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना पोळीमागे पैसे असतात, म्हणून त्या सहा-सहा तास उठत नाहीत, पाणी पीत नाहीत, कारण बहुतेक गाळ्यांत बायकांना जायला संडास नसतो. तुझ्या गाळ्यात आहे का? मी फोटो पाहिले, त्यात दिसला नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटआधी त्याचं बघ. आठवड्याची सुटी, जादा तासांचे दुप्पट पैसे, या तरतुदी माणसांच्या संख्येप्रमाणे लागू होतात. तुझ्याकडे पाचच माणसं असली तरी तू त्या पाळ. आणि चौदाच्या आतलं मूल, 'मावशीचा आहे, नुसता बसलाय' असं सांगून आलेलं असलं तरी, भटारखान्यात दिसता कामा नये. हॉटेलं आणि ढाब्यांवर लहान मुलांना ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे, तरी कांदे सोलायला ती हळूच येतात.

मुली वाढायला, स्वागताला ठेवायचं फॅड आलं आहे. नऊवारी नेसवून, हातात तबक देऊन दाराशी उभ्या करतात. मनू, हे मी आईसमोर कधीच बोलू शकले नसते. रात्री उशिरा पुरुष पाहुणे त्यांना हात लावतात, फोटोला ओढतात, नंबर मागतात. मुली कुणाकडे जात नाहीत, कारण मॅनेजर म्हणतो, 'यजमानांचे पाहुणे आहेत, सांभाळून घे.' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. तू मुलींना ठेवलंस तर कार्याच्या आधी यजमानांना स्पष्ट सांग की माझ्या मुलीला हात लागला तर मी त्या क्षणी सगळा स्टाफ बाहेर काढीन. लेखी करारात घाल. रात्री त्यांना घरी सोडायची गाडी तुझी. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तुला अंतर्गत समिती नेमावी लागेल. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि मुलींना तिथे जाता येतं, हे त्यांना तूच सांगायचं. बाईच बाईला हे सांगणार नसेल तर कोण सांगणार?

गाळ्याला दार एकच आहे, ते मला खटकलं. तुला अजून करार करायचा आहे म्हणून आत्ताच बोलते.

१६ ऑक्टोबर २०१५. कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गावर 'सिटी किनारा' नावाचं हॉटेल होतं. दुपारची वेळ, कॉलेजातली मुलं जेवायला बसली होती, वरच्या पोटमाळ्यावर. खाली गॅस गळला, आग भडकली आणि वरच्यांना उतरायला वाटच राहिली नाही. आठ जण गेले. पोटमाळ्यावर बसायची सोय बेकायदा होती. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी महापालिकेलाही जबाबदार धरलं आणि मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये द्यायला सांगितलं. जवळजवळ दहा वर्षांनी. तो रस्ता पुढे सरळ आपल्या तीन हात नाक्यापर्यंत येतो, मनू. मी तिथून जाते तेव्हा दरवेळी मला ती मुलं आठवतात.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात आग लागली आणि बारा कामगार गेले. ते तिथेच झोपायचे. अकरा दिवसांनी कमला मिलमधल्या पबची आग, आणखी चौदा. कमला मिलवर सगळे बोलले, कारण तिथे मरणारे आपल्यासारखे होते. खैरानी रोडचे बारा जण फारसे कुणाला आठवत नाहीत. तुझ्याकडे येणारी मुलं त्या बारांसारखीच असणार आहेत: गावाहून आलेली, खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून 'दीदी, यहीं सो जाते हैं' म्हणणारी. तुला दया येईल आणि तू हो म्हणशील. म्हणू नकोस. गॅस असलेल्या, बाहेरून शटर पडणाऱ्या गाळ्यात रात्री कुणीही झोपायचं नाही. चार जणांच्या खोलीचं भाडं तुझ्या खर्चात धर, तेही ताटाच्या भावातच बसव.

गॅसचे निळे, १९ किलोचे व्यापारी सिलिंडरच वापर. घरगुती लाल सिलिंडर स्वस्त पडतो, कुणीतरी 'मी आणून देतो' म्हणेल. तो धंद्याला वापरणं बेकायदा आहे, आणि आग लागली तर विमाही हात वर करतो. १०० किलोच्या वर गॅस साठवायचा तर परवाना लागतो, म्हणजे पाच निळे सिलिंडर झाले की थांब. लग्नसराईत आठ-आठ रचून ठेवलेले मी पाहिले आहेत, जिन्याखाली, वर लोक राहतात अशा जुन्या इमारतीत. नौपाड्याच्या गल्ल्या तुला ठाऊक आहेत. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की रिक्षासुद्धा मुश्किलीने निघते, अग्निशमनची गाडी कुठून शिरणार? मागच्या बाजूला दुसरं दार काढायला मालक तयार नसेल तर तो गाळा सोड. राममारुती रोडकडे जरा जास्त भाड्यात दुसरा मिळेल.

आता खाद्य परवान्याचं. एक एजंट भेटेल, गोड बोलणारा. 'मॅडम, तुम्ही फक्त आधार आणि फोटो द्या, तपासणी वगैरे काही येणार नाही.' त्याच्या नादी लागू नकोस. परवान्याचा अर्ज ऑनलाइन स्वतः भर, अडलं तर मी येते. तपासणीला कुणी आलं तर घाबरायचं नाही, उलट विचारायचं की काय सुधारू. परवान्याचा १४ आकडी नंबर बिलावर छापावा लागतो, जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. तो पाहायची सवय आपल्या गिऱ्हाइकांनाही तूच लाव. प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस. याचेही खोटे दाखले पैसे टाकले की मिळतात, न बघता सही केलेले. तू माणसांना घेऊन डॉक्टरकडे जा. कावीळ किंवा टायफॉइड एका भटारखान्यातून किती घरांत जाऊ शकतो याचा विचार केलास तर तो अर्धा दिवस वाया गेला असं वाटणार नाही.

ताटं मोजायचा वाद होईल. एकशे ऐंशी जेवले आणि बिल दोनशे वीसचं, अशी तक्रार सगळ्या केटररबद्दल असते, आणि ती बऱ्याचदा खरी असते; उष्टी ताटं धुऊन परत गठ्ठ्यात सरकवतात. यजमानांच्या घरचा एक माणूस आणि तुझा एक, दोघांनी मिळून कोरी ताटं आधी मोजायची आणि उरलेली शेवटी. कागदावर दोघांच्या सह्या. हॉलचा मॅनेजर टक्का मागेल, तो बिलात उघड दिसेल असा लिहीन म्हण. बहुतेक गप्प बसतो.

एवढं सगळं केलंस की तुझं ताट बाजारापेक्षा महाग होईल. होऊ दे. पहिल्या वर्षी दहातल्या चार-पाच ऑर्डरी हातातून जातील, भागीदार कुरकुर करेल. त्याला कामाला लागायच्या आधीच विचारून ठेव: कुणी पन्नास रुपये कमी करायला सांगितले तर तू काय कमी करशील? तो 'बघू, मॅनेज करू' म्हणाला तर भागीदारीच्या कागदावर सही करू नकोस. 'मेन्यूतला एक पदार्थ कमी करू' म्हणाला तर निर्धास्त सही कर.

आणि सगळं नीट करूनही एखाद्या दिवशी फोन येईल की जेवलेल्यांना उलट्या होतायत. त्यासाठी पहिल्या ऑर्डरीपासून एक सवय लाव. प्रत्येक पदार्थाची एक झाकणाची वाटी, तारीख-वेळ लिहून, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची. फोन आला की कुणी म्हणेल, 'पातेली घासून टाका, वाट्या फेका.' तसं कुणालाही करू देऊ नकोस. आधी यजमानांना सांग की त्रास होणाऱ्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना आणि म्हाताऱ्यांना, लगेच दवाखान्यात न्या, खर्च माझा. मग अन्न व औषध प्रशासनाला स्वतः कळव, १८००२२२३६५ हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे, आणि नमुन्यांच्या वाट्या त्यांच्या हातात दे. कुणाकुणाला पार्सल गेलं होतं ती यादी काढ आणि एकेकाला फोन लाव, खाल्लं नसेल तर खाऊ नका म्हणून. हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात. मला फोन त्यानंतर कर, रात्री दोन वाजले असले तरी. मी रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचते.